पांढऱ्या लाकडाचा मनोरा

थोरल्या आणि धाकट्या भावाचं पहिल्यापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. थोरला उत्खननवाला, धाकटा सुतार. जुन्या पवित्र नगरीची लाकडी प्रतिकृती करायला संग्रहालयाने नेमकं या दोघांनाच एकत्र बसवलं, म्हणजे चुलीशेजारी रॉकेलचा डबा ठेवला.

थोरल्याची एकच अट होती. ज्या इमारतींचा पाया जमिनीत सापडला त्या काळ्या लाकडाच्या, नुसत्या अंदाजाच्या त्या पांढऱ्या. खरं कुठलं आणि कल्पनेतलं कुठलं हे बघणाऱ्याला कळलंच पाहिजे. नाही तर पाटीवरून माझं नाव काढा, असं त्याने संचालिकेला लिहून दिलं होतं.

उद्घाटनाच्या सकाळी तो दालनात शिरला आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तटबंदी, मंदिरं, बाजार, सगळ्यांना एकच मधाळ पिवळा रंग.

"हे काय केलंस?"

"संचालिकाबाईंचा हुकूम. लोकांना नगरी बघायचीय म्हणाल्या, तुझं अज्ञान नाही." धाकटा ब्रश धूत होता.

"आणि तू मान डोलावलीस, नंदीबैला!"

"त्यांचा हुकूम चालतो, दादा. तुझी नुसती जीभ चालते."

थोरल्याची नजर मंदिरामागच्या मनोऱ्यावर गेली. त्याच्या नकाशात तो नव्हता. "हा कुणी घुसडला?"

"तूच. तुझ्या पहिल्या पुस्तकात, पान चाळीस. बाईंना तो हवाच होता."

तीस वर्षांपूर्वी तिथे थोरल्याला चार फुटक्या विटा मिळाल्या होत्या. त्यांवर त्याने सात मजले चढवले आणि त्या मजल्यांवर नोकरी, मानमरातब सगळं मिळवलं. पुढे चूक कळली, तेव्हा मनोरा नकाशातून गुपचूप गाळला आणि मूग गिळून बसला. आता लाज झाकायला त्याने राग केला. मनोरा मुठीत धरून कडकन मोडला.

आतलं लाकूड पांढरं निघालं.

त्याने तटबंदी नखाने खरवडली. खाली काळं. शेजारची गच्ची खरवडली. पांढरं. रंगाखाली अख्खी नगरी त्याच्या अटीबरहुकूम होती.

"दोन वर्षं तुझ्या नकाशांवर डोळे फोडलेत," धाकटा कडाडला. "अंदाज मलाही कळतो. मी निदान आतून तरी पांढरं ठेवलं. तू पुस्तकात काय ठेवलंस?"

थोरल्याला भावाचा संताप आला आणि स्वतःची शरम वाटली. दोन्हींत शरम मोठी निघाली.

तेवढ्यात संचालिका दारात आली. "पाहुणे पोचले! अहो, मनोरा कुठाय?"

धाकट्याने सरसाची बाटली पुढे सरकवली. दोन मिनिटांचं काम होतं. थोरल्याने बाटली परत ढकलली.

"नव्हताच," तो म्हणाला. "पुस्तकात मी खोटं लिहिलंय."

धाकट्याने त्याच्याकडे बघितलंही नाही. पॉलिश पेपर उचलून तो तटबंदीचा रंग घासायला लागला.

"बघत काय उभा राहिलास? दुसरा कागद घे."