पत्रकांच्या गोळ्याची सुरी

मी एक जुनी सुरी आहे, मित्रांनो. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. मला कापता येतं, बोलायची सवय नाही.

आधी मी तोफगोळा होते. शियामेनच्या किनाऱ्यावरून मला समोरच्या, शत्रू सरकारच्या ताब्यातल्या किनमेन बेटावर डागलं. पोटात दारू नव्हती, पत्रकं होती : ‘प्रिय बांधवांनो, आपण एकच.’ पत्रकं आभाळात उधळली आणि माझं तापलेलं पोलाद चिनलुआनच्या स्वयंपाकघरावर कोसळलं. चुलीपाशी बसलेल्या तिच्या नवऱ्याची छाती चेचली गेली. रताळ्याची पेज लाल झाली.

तिने मला लोहाराकडे नेलं.

“याची सुरी कर.”

“वहिनी, याची?”

“हो. जन्मभर हाडं फोडायला लावीन हिला.”

ती बोलली तसंच तिने केलं. डुकराची हाडं फोडण्यात माझी कितीतरी वर्षं गेली. शेजारणी माझी धार वाखाणत. ती मात्र मला कधी मायेने पुसत नसे.

मग तोफा थांबल्या. पलीकडे शियामेनला तिचा धाकटा भाऊ हायशेंग होता. पोरवयात मासळी विकायला गेला, युद्धाने समुद्र बंद झाला आणि तो तिकडेच अडकला. गच्चीवरून त्याचा किनारा दिसे, पण दोन्ही सरकारं एकमेकांना मानत नसल्याने जायचं ते विमानाने, हाँगकाँगला वळसा घालून. त्या विमानांसाठी हाँगकाँगशी केलेल्या कराराची मुदतही संपत आली होती. राजदूत नव्हतेच, मुदत वाढवून घ्यायला झेंडे नसलेल्या टेबलाशी विमान कंपन्यांची माणसं भांडत होती.

“आत्ताच जाते. पुढे वाट राहील, न राहील,” चिनलुआन म्हणाली आणि तिने मला सामानात गुंडाळलं.

“भावाला सुरी देऊ नये वहिनी, नातं तुटतं,” लोहार म्हणाला.

“नाणं घेईन की त्याच्याकडून! विकत घेतलेल्या सुरीने तुटत नाही.”

शियामेनला भाऊ-बहीण गळ्यात पडून रडले. जेवताना हायशेंग खाली मान घालून म्हणाला, “ताई, एक सांगायचंय. मला तोफखान्यावर लावलं होतं. गोळे वाहायला.”

चिनलुआनने मला उपसलं. “हिने तुझ्या दाजींना खाल्लं!” पहिला वार टेबलात रुतला. दुसऱ्याने त्याचं मनगट चिरलं. वाडग्यांवर रक्त उडालं.

त्याने हात मागे घेतला नाही. “नाही म्हटलं असतं तर मलाच गोळी घातली असती, ताई. तरी मार.”

तिने मला त्याच्यापुढे आपटलं. “घे, ठेव तुलाच. नाणं नको मला.” आणि ती दाराबाहेर पडली.

तो धावला. रक्ताळलेल्या हाताने त्याने तिच्या मुठीत एक नाणं कोंबलं.

“तुमच्या बेटावर चालत नाही हे, ठाऊक आहे मला. पण फेकू नकोस गं.”

चिनलुआनने मूठ उघडली नाही. मग ती म्हणाली, “हात बांध आधी. आणि हाड फोडताना मनगट सैल ठेवायचं, गाढवा.”

करार कसाबसा टिकला. पुढच्या वर्षी ती पुन्हा आली, तेव्हा तिने स्वतः मला घासलं.

मित्रांनो, सुरी वापरून झाली की पुसून कोरडी ठेवा. ओली राहिली की ती गंजते. आणि आपल्या माणसाला सुरी द्यायची वेळ आलीच, तर त्याचं नाणं नाकारू नका.