भायाचा अर्ज

नवरा वैजनाथ वारून सहा महिने झाले, तेव्हा उज्वलाने मोबाइलवर शेताचा सातबारा काढून पाहिला. सहा एकर, आणि नाव एकट्या ग्यानोबाचं. ग्यानोबा तिचा भाया, नवऱ्याचा थोरला भाऊ. वैजनाथचं नाव कुठेच नाही. मग चार वर्षांच्या लेकीला, वर्षाराणीला, वाटा यायचा कुठून?

त्या दिवसापासून बी.ए. झालेली उज्वला घरात भांडं वाजलं तरी कान टवकारू लागली. त्यात भायाने वर्षाराणीकरवी दोनदा निरोप धाडला, "आईला म्हणावं, बापाचा मृत्यूदाखला दे, तुझा जन्मदाखला दे." कशाला, ते सांगितलं नाही. तिनेही कागद पेटीच्या तळाशी घातले आणि सापडत नाहीत म्हणून कळवलं. त्यांच्या घरात भाया नि भावजय समोरासमोर बोलत नाहीत. मग विचारणार कोण आणि सांगणार कोण!

शेवटी माहेरी जाते म्हणून ती कागद आणि लेक घेऊन बिलोलीला तलाठ्याकडे आली.

"ग्यानोबाच्या घरच्या का तुम्ही?" तिने दाखवलेला सातबारा पाहून तलाठी म्हणाला. "त्या माणसानं डोकं खाल्लंय माझं. हे बघा, एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून त्यांचं नाव हाय. जमीन साऱ्या घराची. तुमच्या मालकाचा अर्धा हिस्सा हायच त्यात, अन् तो भावाकडं जात न्हाई, बायको-लेकराकडं येतो. तुमची नावं लावा म्हणून त्यांनीच अर्ज दिलाय. कागदं कुठं हायत?"

उज्वलाचा हात पिशवीतल्या दाखल्यांवर गेला.

तेवढ्यात ग्यानोबाच दारात उभा. भावजयीला पाहून तो दचकला आणि भिंतीकडे तोंड करून पुतणीला म्हणाला, "वर्षा, आईला म्हणावं, वाचल्याबिगर सही करू नगं. उद्या माझ्या पोरांचं मन फिरलं तर? कागद पक्का पायजे."

"मोठेबाबा, आई हितंच हाय की! तिला ऐकू येतंय."

तलाठी खो खो हसला.

उज्वलाने दाखले टेबलावर ठेवले. "दादा," आयुष्यात पहिल्यांदा ती भायाशी थेट बोलली, "कागद हरवले नव्हते. मीच दिले नाहीत. मला वाटलं, तुम्ही..."

ग्यानोबा भिंतीकडेच बघत होता. "वर्षा, आईला सांग, बरं केलं. लेकराच्या हक्काचा कागद असा कुणाच्या बी हाती देऊ नये. माझ्या बी."

तलाठ्याने अर्ज पुढे सरकवला, तशी उज्वलाच्या डोळ्यांपुढची अक्षरं पाण्यात हलू लागली. तरी भायाने सांगितलं तसं तिने सगळं वाचलं, ओळ न् ओळ, आणि लेकीच्या नावाखाली पालक म्हणून सही केली.