तीन पायांचा बिज्जू

बुर्गाने घोड्याचा गळपट्टा खुंटीवरून काढला, मांडीवर आडवा घेतला आणि त्याला शिवलेलं बिज्जूचं कातडं ब्रशने झाडायला घेतलं. घोड्याला दृष्ट लागू नये म्हणून त्या डोंगरावर घरोघरी असं कातडं गळपट्ट्याला लावत. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं तोंड, शेपूट, पंजे, सगळ्यासकट. कोर्बिनियान मालकांच्या कातड्याला पंजे मात्र तीनच होते. पुढचा उजवा नव्हता. "पासाऊच्या बाजारात घेतलं. लंगडं निघालं म्हणून स्वस्तात पडलं," असं मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसत. बुर्गा ते दर शनिवारी झाडायची. आज शनिवार नव्हता. आज मेणबत्त्यांचा सण होता, आणि हातांना काहीतरी काम हवं होतं.

"इथे बसलीयेस होय!" गोठ्याच्या दारात रेझल उभी होती. रेझल म्हणजे मालकांच्या पुतण्याची बायको. नाताळात मालक बर्फावरून घसरले, गुडघा भोपळ्याएवढा सुजला, तेव्हापासून ती आणि तिचा नवरा अलोइस शेजारच्या वाडीतून इथेच राहायला आले होते. "म्हातारा न्याहारीला हात लावत नाहीये. म्हणतो, आधी बिज्जूचं काय ते कळू दे."

"मग अलोइसला पाठवा ना."

"तो पहाटेच देवळात गेलाय, मेणबत्त्या मंतरून आणायला. तुलाच जायला सांगितलंय." रेझलने कपाळावर हात मारला. "सत्तरी ओलांडली, आणि पोट अडकलंय कुठे, तर जनावराच्या सावलीत! माझ्या माहेरी नव्हतं बाई असलं काही. आम्ही भिंतीवरचं कॅलेंडर बघायचो."

बुर्गा हसली नाही. तिने दाराबाहेर पाहिलं. आभाळात औषधालासुद्धा ढग नव्हता. गुडघाभर बर्फावर ऊन असं पडलं होतं की डोळे दिपावेत. या सणाला बिज्जू बिळातून डोकं बाहेर काढतो, एवढं तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ढग असेल, सावली दिसली नाही, तर तो बाहेर पडतो आणि हिवाळा सरतो. ऊन असेल तर तो आपल्याच सावलीला भिऊन मागे फिरतो, आणि मग आणखी चार आठवडे चुलीला चिकटून बसायचं.

आणि हाच दिवस गडीमाणसांचा. सगळ्या डोंगरावर त्यांचं वर्ष या सणाला संपे. ज्याला जायचं त्याने आपली पेटी उचलावी. ज्याला राहायचं त्याने मालकाच्या हातात हात द्यावा. एकदा हात दिला की पुढच्या सणापर्यंत सुटका नाही. मालकांच्या घराला मात्र त्यांच्या बापापासून आणखी एक नियम होता: बिज्जू परत फिरला, तर माणसांनीही आपलं बीळ सोडायचं नाही. वास्टल नावाच्या गड्याने एकदा तो मोडला आणि उतारावर बर्फात गारठून पायाची दोन बोटं गमावली. त्यानंतर मालकांना काही बोलावंच लागत नसे. नुसतं ते म्हणत, "वास्टलला विचारा."

बुर्गा इथे आली तेव्हा तिच्या अफ्राला पहिला दात येत होता. नवरा नव्हता, बाप कोण हे विचारणारे पुष्कळ होते, पोरीला ठेवून घेणारी एकटी गिरणीवाली विधवा होती. आता अफ्राचे दुधाचे दात पडायला लागले होते, आणि आई म्हणजे जत्रेला येऊन साखरेचा घोडा देऊन जाणारी बाई, अशी पोरीची समजूत झाली होती. गेल्या जत्रेत तिने बुर्गाला "मावशी" म्हटलं होतं. गिरणीतल्या मोलकरणीचं आता लग्न ठरलं होतं. गिरणीवालीने अलोइसबरोबर निरोप धाडला होता, "सणाच्या संध्याकाळची घंटा होईपर्यंत जागा राखते. मग मात्र दुसरी बघेन."

दर वर्षी सणाच्या सकाळी मालक स्वतः काठी घेऊन बिळापर्यंत जात. दर वर्षी परत येऊन मान हलवत. ढगाळ सकाळ असली तरी म्हणत, "वर घटकाभर फाटलं होतं आभाळ. तेवढ्यात गेला की आत!" मग हात पुढे करत. आणि बुर्गा, दूध काढून गारठलेला आपला हात त्यात देई. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. चिडायचं तरी कोणावर? जनावरावर?

ती आत गेली तेव्हा मालक शेगडीलगतच्या पलंगावर उशीला टेकून बसले होते. उन्हाची एक पट्टी पार त्यांच्या रजईवर आली होती.

"ऊन छान पडलंय," ते म्हणाले.

"हो मालक."

"कुंपणापाशी थांब. जवळ जाऊ नको. माणसाचा वास लागला की बाहेर येत नाही तो. लांबून बघ आणि ये." त्यांनी खिडकीकडे नजर टाकली. "बघायला तरी काय जायचं म्हणा. पण रीत आहे."

बुर्गा निघाली. बर्फात पाय गुडघ्यापर्यंत रुतत होता. घरामागचा चढ चढता चढता तिच्या डोक्यात एक गोष्ट आली आणि ती इतकी सोपी होती की ती मध्येच थांबली. बिज्जू भितो कशाला? स्वतःच्या सावलीला. पण कोणी बिळाच्या तोंडाशी उन्हाला पाठ करून उभं राहिलं तर? मग त्याच्यावर त्या माणसाची सावली पडेल. त्याला वाटेल ढगच आलाय. रीत मोडायची नाही आणि जनावराशी खोटंही बोलायचं नाही; नुसतं उभं राहायचं. तिला भीती वाटली आणि भीतीपेक्षाही जास्त आनंद झाला. सात हिवाळ्यांत हे आपल्याला कसं सुचलं नाही, म्हणून तिने स्वतःला एक शिवीही घातली.

तिने कुंपण ओलांडलं.

बीळ मोठ्या फरच्या झाडाच्या मुळांखाली होतं. तिथवर बर्फ फारसा पोचत नव्हता. ती दबक्या पावलांनी पुढे गेली, स्कर्ट दोन्ही हातांनी पसरून धरला, सावली जरा रुंद पडावी म्हणून, आणि उभी राहिली. पायांची बोटं बधिर झाली. कुठेतरी फांदीवरून बर्फ सटकला. बिळाच्या काळ्या तोंडावर तिची सावली बरोब्बर बसली होती.

"ये रे बाबा," ती पुटपुटली. "ये. ऊन नाहीये. बघ तरी."

कोणी आलं नाही. बऱ्याच वेळाने तिच्या नजरेला दिसलं की बिळाच्या तोंडावर कोळ्याचं जाळं आहे. जुनं, धुळीने जाड झालेलं, आरपार. आत वाळक्या पानांचा ढीग होता, आणि फरचं एक मूळ, तिच्या मनगटाएवढं, बरोबर मधोमध वाढलं होतं. त्याच्या खालून उंदीरही अंग चोरूनच गेला असता.

तिने वाकून जवळ पडलेली एक काठी उचलली आणि पानं उकरली. काठी लोखंडाला लागली. एक सापळा निघाला, गंजून लाल झालेला, साखळी मुळाला बांधलेली. सापळ्याचे दात मिटलेले होते आणि त्या दातांत एक पंजा होता. मांस कधीच गेलेलं. बारीक हाडं आणि लांब, वाकडी नखं तेवढी उरली होती. तिने तो उन्हात धरून नीट पाहिला. पुढचा. उजवा.

ती तिथेच बर्फात बसली. ज्या जनावराच्या नावाने तिला दर वर्षी कोंडलं गेलं, ते तिने दर शनिवारी मांडीवर घेऊन झाडलं होतं. डोक्यापासून शेपटीपर्यंत, केसांच्या दिशेने, मालकांनी शिकवलं होतं तसं. आधी तिला रडू आलं. मग वास्टलची बोटं आठवली आणि मग अफ्राचे पडलेले दात, आणि तिला असा संताप आला की तिने मूठभर बर्फ तोंडात कोंबला. ओरडली असती तर आवाज घरापर्यंत गेला असता. बर्फ वितळून घशाखाली उतरला तेव्हा ती उठली. सापळा तिने होता तिथे ठेवला, वर पानं सारली आणि परत फिरली.

गोठ्यालगतच्या खोलीत तिची पेटी होती. ती बांधायला फार वेळ लागला नाही. पेटी तिने स्वयंपाकघराच्या दाराबाहेर ठेवली आणि आत मालकांपुढे जाऊन उभी राहिली. ऊन आता रजईवरून त्यांच्या छातीपर्यंत चढलं होतं. तिची सावली पलंगावर आडवी पडली.

"आलीस? फार वेळ लागला." मालकांनी आपला हात रजईतून आधीच बाहेर काढून ठेवला होता, तळवा वर करून. "काय, गेला ना आत?"

"नाही मालक. बाहेर आला."

"बाहेर आला?"

"हो. चांगला दिसला."

मालकांनी खिडकीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "अगं, एवढं लख्ख ऊन पडलंय. सावली दिसली असेल त्याला."

"मी आडवी उभी होते. माझी सावली होती त्याच्यावर. त्याला त्याची दिसलीच नाही."

"तुला कुंपणापाशी थांबायला सांगितलं होतं."

"हो. सांगितलं होतंत."

स्वयंपाकघरात रेझल भांडी आपटत होती. मालकांनी ओठ चाटले. त्यांचा हात अजून तसाच होता, उन्हात, नखांखालच्या मातीसकट.

"आणि मग? गेला कुठे तो?"

"खाली गेला. गिरणीच्या वाटेने." बुर्गाने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "हळू जात होता बिचारा. लंगडत. पुढचा उजवा पाय नव्हता त्याला."

मालकांनी तिच्यावरची नजर काढून रजईवर नेली. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल असं तिला वाटलं होतं. त्याची तिने तयारीही केली होती. राग आला नाही. ते एकदम फार म्हातारे दिसायला लागले, रेझलच्या हातचं खाऊन दिवस काढणारे म्हातारे, आणि बुर्गाला त्यांची दया आली. ती दया तिला आवडली नाही, पण आली.

"म्हणजे हिवाळा संपला म्हणायचा," ते शेवटी म्हणाले.

"संपला मालक."

पुढे केलेला हात हलला. त्यांना तो निरोपाचा म्हणून हवा होता, की अजूनही वर्षाचा म्हणून, हे त्यांनाही कळलं नसावं. बुर्गाने आपले दोन्ही हात पाठीमागे बांधले. या दिवशी या घरात निरोपालाही हात देता येत नव्हता. मालकांनी ते पाहिलं. मग त्यांनी हात हळूहळू रजईखाली ओढून घेतला, अंगावरची रजई हनुवटीपर्यंत घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"त्या घोड्याला पाणी पाज जाताना," भिंतीकडूनच ते म्हणाले.

"पाजलंय."

स्वयंपाकघरात रेझलने ओले हात अ‍ॅप्रनला पुसले. "काय ठरलं मग? न्याहारी नेऊ ना आता? किती राहिलाय हिवाळा?"

"चार आठवडे तरी आहे अजून," बुर्गा म्हणाली. "लाकडं कमी पडतील, अलोइसला सांगा फोडून ठेवायला."

"अरे देवा. आणि ही पेटी? तू कुठे निघालीस?"

"खाली."

रेझलने तिच्याकडे पाहिलं, मग दारातून बाहेरच्या त्या उन्हाकडे आणि बर्फाकडे. खुंटीवरचे आपले लोकरीचे मोजे काढून तिने बुर्गाच्या हातात कोंबले.

"घाल आधी ते," ती म्हणाली. "बोटं सांभाळ."