फ्लॅनेलच्या सापाची साक्ष

मी साप बोलतोय. दचकू नका. मी फ्लॅनेलचा आहे, वीतभर लांब आणि हिरवा, तोंडात विष नाही. रायपुरात रेल्वे वसाहतीच्या कडेला आमची लहानशी मराठी ख्रिस्ती मंडळी दर रविवारी उपासनेला जमते. तिथल्या मुलांच्या वर्गात एक कापडी बोर्ड आहे, त्याच्यावर मला चिकटवतात. सोबतीला आदाम, हव्वा, एक झुडूप आणि फळांनी लगडलेलं झाड. माझ्या नादाने ती दोघं देवाने मना केलेलं फळ खातात आणि झुडपाआड लपतात, मग देव त्यांना हाक मारतो. देवाची आकृती कुणी कापलेली नाही. गोष्टीत देव फक्त आवाज असतो, आणि तो आवाज शिकवणाऱ्याने काढायचा असतो. मुलं मला भितात. खरं तर भित्रा मीच आहे, आणि त्या एका रविवारनंतर तर फारच.

त्या रविवारची गोष्ट रुचिताची आहे. दूरच्या शहरात धर्मशास्त्र शिकून ती परत आली, तेव्हा तिला वाटलं होतं, इथली मुलं तहानलेली असतील. ती पापाबद्दल बोलेल, मुलांचे डोळे भरून येतील, ती एकेकाला जवळ घेईल. प्रत्यक्षात तिला सापडली बोटांवर मोजण्याइतकी मुलं. मराठीत विचारलं तर ती हिंदीत उत्तर देत. "पाप म्हणजे काय?" असं तिने पहिल्याच दिवशी विचारलं, तर विकी नावाचा मुलगा म्हणाला, "दीदी, मम्मी का मोबाइल देखना." सगळा वर्ग हसला. रुचिता हसली नाही. हसण्यासारखं काय आहे तेच तिला कळेना. माणसं बुडत आहेत आणि कुणाला भीतीच नाही, असं ती त्या दिवशी बोर्ड आवरताना स्वतःशी म्हणाली.

मला वनमालाबाईंनी जन्म दिला. त्या रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होत्या. नातवाच्या झबल्यासाठी गोल बाजारातून आणलेल्या फ्लॅनेलचा तुकडा उरला, त्यातून त्यांनी मला कापलं आणि काळ्या दोऱ्याने डोळे घातले. जीभ लावली नाही. पोट्टे भितात, म्हणाल्या. या बोर्डावर त्यांनी कितीतरी मुलांना गोष्ट सांगितली, लहानपणी रुचितालासुद्धा. देवाचा आवाज काढायची वेळ आली की त्या जागच्या उठत, दारापाशी जात आणि खेळायला गेलेलं लेकरू अंधार पडला तरी आलं नाही म्हणून आई हाक मारते, तशी हाक मारत : कुठी आहेस रे बाबू?

रुचिताला ते पटलं नाही. आंटी, तुम्ही पाप फार गोड करून सांगता, असं ती हसून पण मनापासून म्हणाली. वनमालाबाईंनी बोर्ड तिच्या हवाली केला. पहिल्याच आठवड्यात रुचिताने मला लाल सॅटिनची जीभ शिवली. आणि तिने देवाचा आवाज काढला, तेव्हा खिडकीची तावदानं थरथरली.

तो रविवार बाप्तिस्म्याचा होता. आमच्याकडे माणसाला पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. त्यासाठी मागच्या अंगणात, पत्र्याखाली, जमिनीत बांधलेला सिमेंटचा हौद आहे, आत उतरायला पायऱ्या आहेत. एरवी तो कोरडा असतो आणि वरून जाड फळ्यांनी झाकलेला असतो. सकाळी उपासना, मग सर्वांचं जेवण, मग बाप्तिस्मा. जेवणाच्या वेळी मोटर लावून हौद भरायचं काम वनमालाबाईंचं. मांजर तिथे पिलं घालते, म्हणून पाणी सोडण्याआधी फळी सरकवून आत पाहायचं, हा त्यांचा शिरस्ता. हल्ली त्यांचा गुडघा वाकत नव्हता, म्हणून पाहायचं काम त्यांनी रुचिताला सांगितलं होतं. सकाळी लवकर येऊन तिने हौद झाडलाही होता.

मग वर्ग भरला. रुचिताने टेबलावर केळी, चिक्की, बिस्किटं मांडली आणि मधोमध स्टीलचा एक डबा ठेवला. बाकी सगळं खा, म्हणाली, फक्त या डब्याला हात लावायचा नाही. आणि दार ओढून बाहेर गेली. मुलांना वाटलं, गेली. मला बोर्डावरून दिसत होतं : ती खिडकीच्या जाळीआड उभी होती. डब्यात तिने होळीचा पक्का लाल रंग भरला होता आणि झाकण मुद्दाम सैल ठेवलं होतं. जो उघडेल त्याचे हात माखतील आणि मुलांना जन्मभरासाठी कळेल की पाप लपत नाही, असा तिचा विचार होता.

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. मला एका लालुचीसाठी कापलेलं आहे : खा, म्हणजे तुम्हीही देवाच्या बरोबरीला बसाल. गोष्टीत ती लालूच मी हव्वेला दाखवतो. इथे मी कुणाला काहीच म्हटलं नव्हतं, तरी जाळीआड कुणीतरी देवाच्या जागेवर जाऊन उभं होतं. देवाने झाड लावलं, ते कुणाला पकडता यावं म्हणून नव्हे. एवढी साधी गोष्ट तिच्या शिक्षणातून निसटली होती.

डबा सोनियाने उघडला. तिसरीतली मुलगी, वर्गात सगळ्यांत लहान. मोठ्यांनी तिला भरीला घातलं, तू छोटी है, तेरे को कोई नहीं डाँटेगा. झाकण निघालं आणि रंग तिच्या मनगटापर्यंत, पांढऱ्या फ्रॉकवर, टेबलावर सांडला. मुलं मागे सरली. मागच्या रविवारी रुचिताने शिकवलं होतं की पापाचा शेवट मरण. विकी हळूच म्हणाला, "अब तू मरेगी."

दार धाडकन उघडलं. रुचिताने तोच आवाज काढला, तावदानं थरथरवणारा. "तू कुठे आहेस? हात दाखवा सगळ्यांनी."

सोनियाने झडप घालून मला बोर्डावरून ओढलं आणि मागच्या दाराने पळाली. मला का घेतलं ते नंतर कळलं. रुचिताने तिला पळताना पाहिलं, पण ती मागे गेली नाही. थोडा वेळ एकटी राहू दे, तिला कळू दे, असं पुटपुटून ती उरलेल्या मुलांना धडा समजावू लागली. त्या दिवशी वर्ग खरोखर गप्प होता. तिला फार बरं वाटलं असणार.

सोनियाने हौदाची कडेची फळी सरकवली, आत उतरली आणि फळी पुन्हा ओढून घेतली. आत अंधार होता, ओल्या सिमेंटचा वास होता. तळाच्या पायरीवर बसून तिने मला छातीशी धरलं. माझं अर्धं अंग तिच्या हातांनी लाल झालं होतं.

"तू ही बोलना," ती माझ्या कानाशी कुजबुजली, "कि तूने बोला था."

मला साक्षीला आणलं होतं.

उपासना सुटली. वर पावलं वाजली, फळ्या करकरल्या. जेवणाला टेबल कमी पडतात म्हणून भाताचं भलंमोठं पातेलं कुणीतरी फळ्यांवरच आणून ठेवलं. मग वनमालाबाईंचा आवाज आला.

"रुचू, हौद पाह्यला का वं? मोटर लावून राहिली मी."

"हो आंटी, पाहिला."

सकाळी झाडला होता ना, म्हणून ते अगदीच खोटं नव्हतं. खोटं असंच येतं, थोडं खरं सोबत घेऊन. ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

पाणी आलं. तुम्हाला नवल वाटेल, सोनियाला आनंद झाला. हात धुता येतील म्हणून. ती पाण्यात वाकून हात घासू लागली. सॉरी प्रभुजी, सॉरी प्रभुजी, म्हणत घासत राहिली. पक्का रंग हातावरून हलेना, फक्त पाणी लाल होत गेलं. पाणी गुडघ्यांपर्यंत आलं तेव्हा ती एक पायरी वर चढली. पाणीही वर चढलं. बोअरचं पाणी, तिचे दात वाजू लागले. शेवटच्या पायरीवर पोहोचून तिने फळीला डोकं लावलं, फळी हलली नाही. वर भाताचं पातेलं होतं.

आता ओरड, मी म्हणत होतो. पण माझी जीभ सॅटिनची.

सोनियाची आई क्षमा तेलीबांध्याला राहते आणि तिथल्याच एका ऑफिसात काम करते. उपासनेला आलेली ती समजली, मुलगी वर्गाबरोबर जेवते आहे. रुचिता समजली, आईकडे गेली. दोघींची गाठ ताटं हातात असताना पडली, आणि मग शोधाशोध सुरू झाली. रुचिता हौदाशेजारून हाका मारत गेली, घाबरून, घसा ताणून. "सोनिया, तू कुठे आहेस?"

सकाळचेच शब्द. सोनियाने दोन्ही लाल हातांनी तोंड दाबून धरलं. पाणी तिच्या छातीला लागलं होतं, तरी तिला पाण्यापेक्षा त्या हाकेची भीती जास्त होती. मी थरथरत होतो. भीतीने माणूस असा होतो तर. वाचवणारा हाक मारतो आणि हा श्वास रोखून बसतो.

हौद किती भरला ते पाहायला वनमालाबाई आल्या. पातेलं उचला म्हणाल्या, तर वाढणारे कुरकुरले, आंटी, पंगत चालू आहे ना. तरी त्यांनी ते हलवायला लावलं आणि फळी सरकवली. उजेड आत आला. त्यांना दिसलं लाल पाणी. एवढ्या वर्षांच्या नर्स, रक्त त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं, पण त्यांचा चेहरा पांढरा पडला. उजेड पाहताच सोनिया मागे सरली, एक पायरी खाली, हात पाण्याखाली लपवून. पाणी हनुवटीला लागलं.

वनमालाबाई किंचाळल्या नाहीत. त्यांचा तो दारापाशी जाऊन काढायचा आवाज होता ना, त्याच आवाजात म्हणाल्या, "कुठी चालली वं माय? ये."

सोनियाने पाण्यातून हात वर काढला. हातात मी होतो. "इसने बोला था," ती म्हणाली.

"हव, त्याले मी पाहते मंग. तू ये पह्यले."

आणि न वाकणारा गुडघा घेऊन, नेसत्या लुगड्यानिशी, त्या लाल पाण्यात उतरल्या आणि तिचं मनगट धरलं.

मग गर्दी, क्षमाचा आक्रोश, टॉवेल, गरम चहा. रक्त नव्हे, रंग आहे, हे कळल्यावर कुणी रडलं, कुणी हसलं. क्षमा मात्र शांत झाली नाही. मोटर कुणी लावली, तिने विचारलं. मी लावली, वनमालाबाई म्हणाल्या. आत पाहिलं नव्हतं का?

वनमालाबाईंनी रुचिताकडे पाहिलं. एकदाच. मग खाली पाहिलं.

"मी मुलांना स्पष्ट सांगितलं होतं, डब्याला हात लावू नका," रुचिता म्हणाली. "आणि हौदाचं काम तर आंटींकडेच असतं."

मी सोनियाच्या मुठीत ठिबकत होतो. गोष्टीतल्या त्या बागेत आदामाने हव्वेकडे बोट दाखवलं, हव्वेने माझ्याकडे. लोकांना वाटतं, पाप म्हणजे फळ खाणं. फळ खाताना ती दोघं निदान एकमेकांजवळ तरी होती. बोट दाखवलं आणि एकेकटी झाली. माझ्याकडून हे कुणी ऐकेल असं नाही, पण मी पाहिलं आहे. त्या अंगणात रुचिताइतकं एकटं कुणी नव्हतं.

मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांनी वनमालाबाईंना बाजूला घेऊन प्रेमानेच सांगितलं, आता वय झालं, आराम करा. बाईंनी ओल्या पदराच्या गाठीतून प्रार्थनाघराच्या किल्ल्या सोडवून दिल्या. बाप्तिस्मा पुढे ढकलला. त्यासाठी पांढरे कपडे करून आलेलं जोडपं घरी गेलं. क्षमा म्हणाली, माझी मुलगी आता इथे येणार नाही. आणि सोनिया, रडून थकलेली, जाता जाता मला रुचिताच्या हातात ठेवून म्हणाली, "दीदी, अब मैं मरूँगी क्या?"

इतकं शिकून आलेल्या रुचिताने मला पर्समध्ये टाकलं आणि घराची वाट धरली. 

घरी नेऊन तिने मला साबणाने धुतलं, पुन्हा पुन्हा. डाग गेला नाही. मग मला खिडकीत वाळत घातलं आणि माझ्याकडे पाठ करून बसून राहिली. जेवली नाही. प्रार्थनेसाठी डोळे मिटले की ती लगेच उघडायची. जणू कुणी हाक मारील याची भीती होती. मला त्या हाकेचा आवाज ठाऊक आहे. तावदानं थरथरवणारा नाही तो. मला तो तिला सांगता आला असता तर.

सकाळी ती केस विंचरून बाहेर आली आणि वडिलांना म्हणाली, मी आधी वनमाला आंटींकडे जाते, मग पाळकसाहेबांकडे, मग तेलीबांध्याला क्षमाकडे. शेखररावांनी चहाचा कप खाली ठेवला.

"काहून? तुले कोणी काही म्हटलं का?"

"नाही म्हटलं, म्हणूनच."

"मंडळी तुले ठेवणार नाही, पोरी. क्षमा पोलिसात गेली तर? माफी तं देवाजवळ मागता येते ना घरी बसून."

"देवाजवळ मागितली, बाबा. आंटींच्या किल्ल्या त्याने परत मिळत नाहीत." तिने त्यांचा कप उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिला. "आणि सोनियाला सांगायचंय की ती मरणार नाही. डबा मी ठेवला होता. हौद मी पाहिला नव्हता."

ती खिडकीपाशी आली. मी अजून ओलसर होतो. मला उचलून पर्समध्ये टाकील, या भीतीने मी आक्रसलो. मला घेऊन गेली तर क्षमाच्या दारात कुठल्यातरी क्षणी तिचं बोट माझ्याकडे वळेल. मुलांनो, मोठ्यांनो, तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे : मला बोर्डावर लावा, माझी गोष्ट सांगा, मला भ्याही. पण तुमच्या नावाने हाक आली की मला पुढे करू नका.

तिने मला उचललं नाही. फक्त उन्हाच्या बाजूला सरकवलं. मग रिकाम्या हातांनी चपला घातल्या आणि दार उघडलं.