पाचवी पिशवी

रक्ताच्या चारपेक्षा जास्त पिशव्या लागल्या, तर मागणी आधी विभागप्रमुखांच्या मंजुरीला जावी, हा नियम रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिनेच लिहिला होता. भर दुपारी नणंदेचा फोन आला. नणंद तिथेच नर्स होती.

“वहिनी, एका बाळंतिणीची पाचवी पिशवी अडकलीय! मंजुरी देणारे डॉक्टर स्वतःच तिचं ऑपरेशन करताहेत, बटण कोण दाबणार? रक्तपेढीवाला तोंडी ऐकत नाही, हिरवी खूणच हवी म्हणतो.”

नियम काढून टाकणं सोपं होतं, पण मग कुणीही कितीही रक्त उचललं असतं. तिने भराभर एक अट जोडली: प्रमुख ऑपरेशनमध्ये असतील आणि रुग्ण अत्यवस्थ असेल, तर मंजुरी ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी द्यावी. सुरू करण्याआधी तिने ती कालच्या मागण्यांवर चालवून पाहिली. निम्म्या मागण्या भलतीकडेच वळल्या.

“वहिनी, अगं लवकर!”

“ओरडू नकोस, चूक शोधतेय मी.”

घाईघाईत ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ पडलं होतं. तिने ते बदललं, पुन्हा तपासलं आणि नियम सुरू केला. फोनमधून धावत जाणारी पावलं ऐकू आली आणि फोन बंद झाला.

तासाभराने नणंदेचा पुन्हा फोन आला. “वाचली गं बाळंतीण. लेकही ठणठणीत आहे.”

तिला रडू फुटलं. मग डोळे पुसून ती बाकीचे नियम एकेक करून वाचायला बसली. प्रत्येकापाशी ती थांबत होती: हा माणूस जागेवर नसला, तर कोण?