उजवा अंगठा

"रोज लोकांच्या तोंडात हात घालतो मी. ही बिचारी काय करणार मला?" असं म्हणत नवऱ्यानं स्नॉर्कलचा मास्क डोळ्यांवर ओढला. तो दातांचा डॉक्टर. दातांचा विषय निघाला की त्याला सुट्टीतही राहवत नाही.

ही बिचारी म्हणजे वाम नावाची मासळी. दंडाएवढी जाड, सापासारखी लांब, खडकाच्या भोकातून डोकं तेवढं बाहेर काढून तोंडाची उघडझाप करणारी. नाववाला तिला रोज मासळीचे तुकडे चिमटीत धरून भरवायचा. पर्यटक खूश, वामही खूश. पाणी छातीएवढंच होतं. आमची ठमी नावेच्या काठावर ओणवी होऊन, तळाला काच बसवलेल्या बादलीतून खाली बघत होती. तिच्या लाइफ जॅकेटचा पट्टा माझ्या मुठीत.

"अगं, किती आवळशील? गुदमरेल पोर."

"तू तुझं बघ. आणि हात लांब ठेव."

"बाबा, तिचे दात दाखव ना!" ठमी ओरडली.

झालं. मागितलं लेकीनं, आणि तेही दात! त्यानं डुबकी मारली आणि पेशंटसमोर आरसा धरतो तशी चिमूट तिच्या तोंडासमोर नेली. रिकामी चिमूट. पण तिला काय कळणार? तिच्या लेखी चिमूट म्हणजे घास.

काचेखाली आधी वाळू उसळली, मग लाल धूर. नवरा धडपडत उभा राहिला, पण वाकडा. उजवा हात खाली खडकात अडकलेला. असा ओरडला की मला तो आवाज त्याचा वाटलाच नाही.

"ओढा साहेब, ओढा!" नाववाला पाण्यात उतरून त्याच्या कमरेला मिठी मारून मागे खेचायला लागला.

"ओढू नका! फाटेल!" मी किंचाळले. लहान मुलं दातांत बोट पकडतात तेव्हा मागे ओढायचं नाही, उलट आत दाबायचं, हे मी शंभरदा ऐकलं होतं. त्याच्याच तोंडून. तो मात्र सगळं विसरला होता. ठमीला मी नावेच्या तळाशी जवळजवळ आदळलंच. "हललीस तर बघ!" पट्टा सोडला आणि उडी मारली.

त्याचं कोपर धरून हात आत ढकलला. त्यानं डाव्या हातानं माझ्या तोंडावर ठोसा मारला. पुन्हा मारला. ओठ फाटला. मी ढकलतच राहिले. वाम पिळवटत भोकाबाहेर आली, पण दात काही सुटेनात. नाववाल्यानं कमरेची सुरी तिच्या डोक्यात खुपसली, उपसली, खुपसत राहिला. शेपटीचे फटके माझ्या मांड्यांवर बसत होते. मग बसेनासे झाले.

मेली, तरी जबडा मिटलेलाच. हाताला लोंबणाऱ्या त्या धुडासकट आम्ही त्याला नावेत ओढलं. नाववाला काठावरून ओकायला लागला. सुरी मी घेतली.

"इथे काप," नवरा दाखवायला लागला. त्याचे दात वाजत होते. "जबड्याच्या सांध्यावर. नाही, मागे. हं. आता दुसरी बाजू."

हाड कटकन निखळलं. मांसात रुतलेले दात मी नखांनी उकरून सोडवले आणि टॉवेल घेतला.

"थांब. बोटं हलवतोय मी." त्यानं डोळे गच्च मिटले. "अंगठा हलतोय का, सांग."

बोटं हलली. अंगठा तळहातावर आडवा पडून होता.

"सांग ना!"

"हलतोय."

ठमी माझ्या पाठीमागून पुढे आली आणि त्याच्या हाताकडे बघत राहिली.

"नाही हलत, बाबा," ती म्हणाली.