बाजारात न आलेल्या कॅमेऱ्याचा जबाब

मी एक कॅमेरा बोलतोय. कुठल्या कंपनीचा, ते विचारू नका. जिथे नाव कोरलेलं असतं तिथे माझ्या कपाळावर काळी चिकटपट्टी आहे आणि ती खरवडून काढलीत तरी खाली काही सापडणार नाही. बुडाशी पांढऱ्या शाईत एक आकडा आहे, सात. माझ्यासारखे बारा नमुने बनवले. पुढे बाजारात जो सर्वांत वरचा, सर्वांत महागडा कॅमेरा यायचा आहे, तो कसा वागेल हे आधी आमच्यावर करून पाहायचं आणि काम झालं की आम्हाला मोडून टाकायचं, असा रिवाज आहे. जन्मायच्या आधीच माझं मरण ठरलेलं. मग आता मी भ्यायचं कुणाला?

खरं सांगायचं तर भितो. हे सांगण्याचा मला अधिकार आहे का, अशी शंका वाक्यावाक्याला येते. पण माझ्याविषयी इतके लोक इतकं बोलत आहेत, तेही मला न बघता, की एकदा मी तोंड उघडलं तर आभाळ कोसळणार नाही.

माझा जन्म धूळ नसलेल्या एका खोलीत झाला. माझ्या वाडवडिलांच्या पोटात आरसा असायचा. फोटो काढताना तो खटकन वर उडायचा. माझ्यात तो नाही, म्हणून आम्ही मिररलेस. आरसा काढून घेतला आणि त्या बदल्यात मला थोडी अक्कल दिली. समोर डोळा दिसला की तो ओळखायचा आणि त्यावर फोकस धरायचा. ही अक्कल बसवणारी इंजिनिअरबाई मला टेबलावर ठेवून सांगायची, "डोळा शोध, राजा. डोळा सापडला की माणूस सापडला."

मी ते मनावर घेतलं. लहानपणी सांगितलेलं खोटं असेल असं कुणाला वाटतं?

चाचणीसाठी मला पंधरा दिवस एका फोटोवाल्या बाईंकडे पाठवलं. बाई तीस वर्षं घरोघर जाऊन कुटुंबांचे फोटो काढतात. वय साठीच्या आत-बाहेर, बोलणं मोजकं, आणि उजव्या मनगटाला कायमचा निळा पट्टा. त्यांचा जुना कॅमेरा विटेसारखा जड. तो उचलून उचलून मनगट कामातून गेलेलं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "एक तर वजन सोडा, नाहीतर काम सोडा." म्हणजे बाईंच्या लेखी मी खेळणं नव्हतो. मी हलका आणि शहाणा निघालो तर त्यांचं काम टिकणार होतं. शिवाय कंपनीने त्यांना शब्द दिला होता की चाचणी चांगली झाली तर नवा कॅमेरा लोकांसमोर येईल त्या दिवशी कंपनीच्या प्रदर्शनाच्या भिंतीवर त्यांचे फोटो त्यांच्या नावानिशी लागतील. तीस वर्षांत त्यांचे फोटो दुसऱ्यांच्या भिंतींवर पुष्कळ लागले होते. खाली त्यांचं नाव कधीच नव्हतं.

एक अट मात्र होती. मी कोण आहे हे कुणाला सांगायचं नाही, नवऱ्यालाही नाही. बाईंनी तशी सही केली होती.

आणि नवरा म्हणजे मास्तर! कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, दारं लावली का म्हणून तीनदा बघणारे, स्वतःच्या बेरजेवरही विश्वास नसलेले मास्तर. त्यांचा विश्वास जगात एकाच गोष्टीवर होता, येणाऱ्या नव्या कॅमेऱ्यावर. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते मोबाइलवर त्याच्या अफवा वाचत. मी समोरच टेबलावर, चिकटपट्टी लावून गप्प. स्वतःचं भविष्य स्वतःसमोर असं मोठ्याने वाचलेलं दुसऱ्या कुणी ऐकलं असेल, असं मला वाटत नाही.

"अगं, ऐकतेस का? काळोखात दिसतं म्हणे त्याला."

"कुणाला?"

"नव्याला! आणि वजन निम्मं. बॅटरी दोन दिवस. फोकस तर चुकूच शकत नाही, असं लिहिलंय इथे."

"कोण लिहितं हो हे?"

"जाणकार माणूस आहे. नाव दिलेलं नाही."

"मग जाणकारच असणार," बाई म्हणाल्या आणि माझ्यावर फडकं फिरवायला लागल्या.

मास्तरांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "हा काळा ठोकळा कुठून आणलास? तुझी वीट परवडली."

"ओळखीतून आणलाय. थोडे दिवस."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, मास्तर, माझं वजन निम्मं नाही. त्या विटेपेक्षा मी मूठभर हलका, बस्स. काळोखात मला काळोखच दिसतो. बॅटरी दुपारी जेवणापर्यंत टिकते आणि मग मलाही ग्लानी येते. पण माझं तोंड बांधलेलं. आणि मास्तर तरी हे सगळं हौसेने थोडंच वाचत होते? एकदा बाई आंघोळीला गेल्या असताना त्यांनी टेबलावर पडलेला तो निळा पट्टा उचलला, आपल्या मनगटावर गुंडाळून पाहिला आणि घाईघाईने परत ठेवला. तेव्हापासून मला त्यांचा राग येणं बंद झालं.

दहाव्या दिवशी आम्ही सिस्टर आजींकडे गेलो. नव्वदीच्या आजी, आयुष्यभर प्रसूतीच्या वॉर्डात नर्स. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. त्यांना स्वतःचा एकटीचा असा एक फोटो हवा होता. "सगळ्या फोटोंत माझ्या हातात कुणाचं ना कुणाचं पोर आहे," त्या म्हणाल्या, "एकात तरी मी असू दे." खिडकीपाशी खुर्ची. मागे भिंतीवर त्यांच्या नवऱ्याचा मोठा फोटो, चौकटीतला, रोखून पाहणारा. मास्तर स्टँड उचलायला सोबत आले होते आणि उगाच मध्ये मध्ये येत होते. बाईंनी मला डोळ्याला लावलं आणि बारा फोटो काढले. व्ह्यूफाइंडरमध्ये माझा हिरवा चौकोन चमकत होता. डोळा सापडला, हे मी छातीठोकपणे सांगत होतो. बाईंच्या मनगटातून कळ निघत होती. त्यांनी चौकोनावर भरवसा ठेवला.

घरी येऊन बाईंनी फोटो मोठ्या पडद्यावर लावले आणि त्यांचा हात थांबला.

बाराच्या बारा फोटोंत भिंतीवरचे आजोबा लख्ख. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. आणि खुर्चीतल्या आजी धूसर.

असं का झालं ते मीच सांगतो. आजींच्या पापण्या वयाने इतक्या उतरल्या होत्या की मला डोळा म्हणावं असं काही त्या चेहऱ्यात दिसलंच नाही. भिंतीवरच्या माणसाचे डोळे टक्क उघडे. मला शिकवलं होतं, डोळा सापडला की माणूस सापडला. मी गेलेला माणूस धरला आणि जिवंत बाई सोडली.

मास्तर मागे उभे राहून बघत होते. "बघ! मी म्हटलं नव्हतं? ह्या ठोकळ्याच्या डोक्यात भुसा आहे. नवा येऊ दे, तो असला गाढवपणा नाही करायचा."

बाईंनी आजींचा धूसर चेहरा मोठा करून पाहिला आणि विचारलं, "आणि समजा, नव्यानेही हेच केलं तर?"

"छे!"

"समजा हो."

मास्तर खुर्चीत बसले. शंका हा त्यांच्या आवडीचा प्रांत. "मग... मग आताच कुणीतरी त्यांना सांगायला हवं. बाजारात आल्यावर सांगून काय उपयोग? म्हाताऱ्यांचे फोटो कोण पुन्हा काढत बसतंय? म्हातारी तोवर थांबेल कशावरून?"

"पण ज्याच्या हातात असेल त्याचं त्यात नुकसान असेल तर?"

"तर तो सांगणार नाही," मास्तर म्हणाले. "मीसुद्धा नसतं सांगितलं बहुतेक. मला नाही झालं असतं धाडस." आणि दार लावलंय का बघायला उठून गेले.

बाईंनी त्याच संध्याकाळी अहवाल लिहिला. पापण्या उतरलेला चेहरा असला तर हा कॅमेरा त्याला माणूस धरत नाही, हे पहिल्याच ओळीत. बारा फोटो सोबत जोडले. दुसऱ्या दिवशी चाचणी विभागाच्या साहेबांचा फोन आला. बाईंनी तो स्पीकरवर टाकला. हात दुखत होता, आणि मास्तर बाजारात गेले होते.

"बाई, तुमचं काम फार बारकाईचं. फक्त पहिलं वाक्य जरा खाली घ्या. शेवटी टाका. नंतरच्या अपडेटमध्ये करू आम्ही नीट."

"नंतर म्हणजे कधी?"

"तारीख जाहीर व्हायची वेळ आली आहे. लोकांच्या केवढ्या अपेक्षा आहेत, तुम्ही वाचता ना?"

"मला रोज वाचून दाखवतात."

"झालं तर मग! आणि भिंतीसाठी तुमचेच फोटो धरलेत आम्ही."

"मग आजींचा लावा. बारांतला कुठलाही."

"म्हणजे वाक्य ठेवणार तुम्ही?"

"ठेवणार. भिंत दुसऱ्या कुणाला द्या."

फोन बंद झाल्यावर बाई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. आपण चूक तर नाही ना केली, असं त्या माझ्याकडे बघून पुटपुटल्या. माझ्या आयुष्यात माझ्या बाजूने आणि माझ्या विरुद्ध एकाच दमात उभं राहिलेलं माणूस मी तेवढं एकच पाहिलं.

मग आम्ही पुन्हा आजींकडे गेलो. या वेळी बाईंनी माझी अक्कल बटण दाबून बंद केली. मला स्टँडवर बसवलं, फोकसचा चौकोन अंगठ्याने सरकवत सरकवत आजींच्या चेहऱ्यावर आणला.

"मागच्या खेपेला मी आलेच नाही म्हणे फोटोत?" आजींनी विचारलं.

"तुमचे यजमान आले, आजी."

"आयुष्यभर तेच केलं त्या माणसाने! मी बोलायला लागले की हे पुढे!"

आजी खो-खो हसल्या आणि त्याच क्षणी बाईंनी मला दाबलं. माझ्या हातून निघालेला सर्वांत चांगला फोटो तो, आणि त्यात माझ्या अकलेचा वाटा शून्य.

मुदत संपली. माझी पेटी न्यायला माणूस आला तेव्हा मास्तर म्हणाले, "गेला का ठोकळा? सुटलो."

"चांगला होता हो तो," बाई म्हणाल्या. "नुसता शिकवलेला कमी होता."

"आणि तुझं मनगट?"

"स्टँड तुम्ही उचला. बाकी मी बघते."

आता मी परत त्या धूळ नसलेल्या खोलीत आहे. पाठ उघडी, आतल्या तारा बाहेर. बाईंच्या अहवालाची पहिली ओळ वाचून इंजिनिअरबाईने नव्याचं काम थांबवलं. काल साहेब इथे येऊन तिच्यावर तडकले की सगळी तारीख पुढे गेली, लोक शिव्या घालतायत. तिने मान वर न करता सांगितलं, "साहेब, तारीख पुढे जाते. म्हातारीच्या पापण्या वर जात नाहीत." आणि आजींचे ते बारा फोटो समोर लावून ती मला, म्हणजे माझ्यानंतर येणाऱ्याला, पहिल्यापासून शिकवायला बसली.

तर शिव्या घालणाऱ्यांनो, ऐका. तुमच्या आशा माझ्या पोटात मला विचारून कुणी घातल्या नाहीत, म्हणून त्यांची माफी मी मागणार नाही. जो येईल तो मूठभरच हलका असेल. काळोख त्यालाही काळोखच दिसेल, दुपारी तोही धापा टाकेल, आणि तुमच्या हाताला जे येत नाही ते त्यालाही येणार नाही. हे आधीच सांगितल्याबद्दल मला खुशाल मोडा. मोडणारच आहात.

पण उद्या कुणी आजी खिडकीपाशी खुर्ची ओढून बसेल, पापण्या उतरलेली, मागे भिंतीवर कुणी का असेना. तेव्हा तो नवा आधी तिच्याकडे बघेल. तेवढी तजवीज करून मी चाललो आहे.